इंजिन आधी आणलं

आमच्या घरी १९७१ सालची फियाट ११०० डिलाइट आहे. आप्पांनी, म्हणजे वडिलांनी, ती सेकंडहँड घेतली, कारण नव्या फियाटसाठी तेव्हा नंबर लावून वर्षानुवर्षं वाट पाहावी लागे. २०१३ मध्ये मी तिचं मूळचं इंजिन उतरवून तिच्यात मारुती जिप्सीचं एमपीएफआय, म्हणजे पेट्रोल इंजेक्शनचं, इंजिन बसवलं. ते बसलं आणि चाललंही. पण त्या कामात मी ज्या चुका केल्या त्यातल्या काही पैशांवर निभावल्या, एक जिवावर येता येता राहिली, आणि एक आता दुरुस्तच होत नाही. जुन्या गाडीत नवं इंजिन घालायचा विचार करणारे लोक अजून मला भेटतात, फोटो बघून खूश होतात. त्यांना फोटोत न दिसणारं सगळं सांगायचं म्हणून हे लिहितो आहे.

पहिली गोष्ट ही, की जुनं इंजिन मेलं नव्हतं. कुर्ल्याच्या प्रीमियरच्या कारखान्यातलं ते १०८९ सीसीचं, लोखंडी ब्लॉकचं इंजिन. क्रँक तीन बेअरिंगांवर, ताकद जेमतेम चाळीसेक हॉर्सपॉवर, पण स्वभावानं अतिशय सोशिक. दोनदा बोअर झाला होता. तिसऱ्यांदा धूर सुटला तेव्हा मिस्त्री म्हणाले की आता लायनर घालून घेऊ, क्रँक ग्राइंड करू, दहा-पंधरा वर्षांची चिंता मिटेल. मी कोल्हापूरचा. ज्या शिवाजी उद्यमनगरात शेतीच्या ऑइल इंजिनाचा नट-बोल्टापासून ब्लॉकपर्यंत कुठलाही भाग करून मिळतो, ते माझ्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर. तरी मी नको म्हटलं. मला गगनबावड्याचा घाट तिसऱ्या गिअरमध्ये चढायचा होता, आणि मागून येणाऱ्या गाड्यांनी हॉर्न वाजवून बाजूला व्हायला लावायचं थांबवायचं होतं. खरं कारण एवढंच. बाकी ‘स्पेअर मिळत नाहीत’, ‘अॅव्हरेज पडत नाही’ वगैरे मी घरच्यांना सांगितलं ते मागाहून जुळवलेलं होतं.

जिप्सीचं इंजिन निवडण्यामागचा विचार मात्र आजही मला चुकीचा वाटत नाही. फियाट मागच्या चाकांवर चालते, इंजिन उभं, म्हणजे लांबीच्या दिशेनं, बसतं. बहुतेक नव्या छोट्या गाड्यांची इंजिनं आडवी आणि पुढच्या चाकांना जोडलेली, ती इथं निरुपयोगी. जिप्सीचं इंजिन उभं आहे, आणि तिचा चारही चाकांना ताकद वाटणारा ट्रान्सफर केस गिअरबॉक्सला चिकटलेला नसून मागे वेगळा, एका छोट्या शाफ्टनं जोडलेला असतो. तो वगळला की पाच गिअरचा बॉक्स सरळ मागच्या अॅक्सलला जोडता येतो. १२९८ सीसी, सोळा व्हॉल्व्ह, ८० हॉर्सपॉवर, आणि ब्लॉक-हेड दोन्ही अॅल्युमिनियमचे, म्हणजे वजनही वाढायचं नाही. कागदावर याहून चांगली जोडी सापडणं अवघड होतं.

चुकलं ते क्रमात. मी एकही माप घेण्याआधी इंजिन घेऊन आलो. एका भंगारवाल्याकडे अपघातातली जिप्सी आली आहे असं कळलं, दुसरं कोणी नेईल या घाईनं मी त्याच दिवशी पैसे दिले. त्यानं माझ्यादेखत इंजिन उतरवलं आणि वायरिंग कटरनं सटासट कापून टाकलं. कनेक्टर सोडवत बसायला त्याला वेळ नव्हता. मी शेजारी उभा होतो. वायरिंगची किंमत तेव्हा मला कळत नव्हती, म्हणून मी त्याला अडवलं नाही. एमपीएफआय इंजिनात प्रत्येक सेन्सरची वायर ईसीएमपर्यंत, म्हणजे इंजिनाच्या संगणकापर्यंत, अखंड जावी लागते, आणि त्यातल्या कित्येक वायरींतून अगदी बारीक व्होल्टेजचे संदेश जातात. तुटलेल्या जागी पीळ मारून टेप गुंडाळला की ते संदेश कधी पोचतात, कधी नाही. पुढची कित्येक महिन्यांची डोकेदुखी त्या कटरच्या काही मिनिटांत ठरून गेली.

मिस्त्रींनी इंजिन बघितलं, फियाटच्या बॉनेटमध्ये डोकावले आणि म्हणाले, “बसंल की सायेब. बसत न्हाई असं काय नसतंय. पण ती थांबणार कशानं?” त्यांना आधी ब्रेक करायचे होते. मी म्हटलं, मामा, आधी चालू तर होऊ दे.

चालू करण्याच्या त्या घाईतली पहिली फसगत म्हणजे इंजिनाचा कोन. इंजिन क्रेननं आत सोडलं, खाली लाकडी ठोकळे दिले, आणि मी पाणसळ लावून ते अगदी सपाट करून घेतलं. सपाट म्हणजे बरोबर, असं माझं सरळ गणित. त्याच मापानं माउंटिंगचे पत्रे कापून वेल्ड केले. गिअरबॉक्स मागे येतो तिथं गाडीच्या तळातल्या बोगद्याचा पत्राही कापावा लागला. तो कापताना हात जड झाला, पण कापला. प्रोपेलर शाफ्ट लांबीत बसेना, म्हणून तोही मध्ये कापून वेल्डिंगला दिला. पहिल्यांदा गाडी रस्त्यावर आली तेव्हा पन्नासपर्यंत ती अशी काही पळाली की मला गहिवरून आलं. साठच्या पुढं मात्र सीटखालून एक घरघर सुरू व्हायची आणि सत्तरला आरसा थरथरून त्यात काही दिसेनासं व्हायचं.

मी टायर बदलले. चाकांचं बॅलन्सिंग केलं. माउंटिंगचे रबर बदलून मऊ घातले, मग कडक घातले. शेवटी उद्यमनगरातल्या एका लेथवाल्या मामांनी शाफ्ट काढून दोन व्ही ब्लॉकवर ठेवला आणि हातानं हळूहळू फिरवला. काही बोलले नाहीत. एका टोकाच्या क्रॉसच्या, म्हणजे युनिव्हर्सल जॉइंटच्या, कानावर बोट ठेवलं, मग दुसऱ्या टोकाच्या. दोन्ही कान एका रेषेत असायला हवेत, ते नव्हते. वेल्ड करताना नळी थोडी फिरली होती. “कापायच्या आधी खूण केलीती का?” एवढंच त्यांनी विचारलं. पंचचा एक ठोका इकडे आणि एक तिकडे, एवढ्यानं काम झालं असतं. ती खूण मी केली नव्हती.

मग त्यांनी क्रॉसचं सगळं समजावून सांगितलं. क्रॉस सरळ रेषेत असेल तर एकसारखा फिरतो. कोनात असला की पुढचा शाफ्ट एकसारखा फिरत असूनही मागचा एका फेऱ्यात दोनदा पुढं धावतो आणि दोनदा मागं रेंगाळतो. दुसऱ्या टोकाचा क्रॉस ही चूक उलटी करून खोडून काढतो, पण दोनच अटींवर: दोन्ही टोकांचे कान एका रेषेत हवेत आणि दोन्हीकडचे कोन सारखे हवेत. म्हणजे गिअरबॉक्सची तबकडी आणि मागच्या अॅक्सलच्या पिनियनची तबकडी एकमेकींना समांतर. फियाटचं जुनं इंजिन मागच्या बाजूला थोडं कललेलं होतं ते उगाच नव्हे. मी माप घेतलं ते गॅरेजच्या फरशीवरून. घ्यायला हवं होतं पिनियनवरून. माउंटिंग पुन्हा कापले, इंजिन मागे झुकवलं, शाफ्ट नव्यानं करून घेतला. घरघर गेली ती कायमची.

दुसरी चूक अर्थिंगची, आणि तिनं मला सर्वांत जास्त काळ चकवलं. सकाळी स्टार्टर जड फिरायचा. चालू झाल्यावर इंजिन आयडलवर वरखाली व्हायचं. कधी ईसीएमचा दिवा लागायचा, कधी नाही. आणि एक विचित्र लक्षण असं की सेल्फ मारल्यावर थोडा वेळ अॅक्सिलरेटरचं पेडल कडक लागायचं. बॅटरी बदलली, स्टार्टर खोलून घेतला, कापलेल्या वायरिंगवर सगळा संशय धरून ते सोल्डरिंगनं नव्यानं जोडलं, आणि शेवटी दुसरा ईसीएमही विकत आणला. पहिल्यात काही दोष नव्हता.

एका जुन्या वायरमननं व्होल्टमीटरचं एक टोक बॅटरीच्या मायनसला लावलं, दुसरं थेट इंजिनाच्या ब्लॉकला, आणि मला सेल्फ मारायला सांगितला. काटा शून्याजवळ राहायला हवा होता. तो चार व्होल्टच्या वर गेला. त्यानं बॉनेटमध्ये हात घालून अॅक्सिलरेटरची केबल धरली आणि लगेच सोडली. केबल तापली होती.

इंजिन रबरी माउंटिंगवर बसतं, आणि रबरातून वीज जात नाही. म्हणून बॉडी आणि इंजिन यांच्यामध्ये तांब्याची विणलेली पट्टी असते. फियाटची ती पट्टी जुन्या गिअरबॉक्सबरोबर निघून गेली होती, आणि मी नवी लावलीच नव्हती. स्टार्टरला लागणारा शेकडो अँपिअरचा प्रवाह परत जायला वाट शोधत होता, ती त्याला अॅक्सिलरेटरच्या पोलादी केबलमधून मिळाली. आतलं प्लॅस्टिक वितळून केबलला चिकटत होतं, म्हणून पेडल कडक. हातभर लांबीच्या पट्टीनं सगळी लक्षणं एका दिवसात गेली. धावत्या गाडीत ती केबल उघडी अडकून राहिली असती तर काय झालं असतं, हा विचार मला त्या दिवशी रात्री झोपताना आला आणि झोप गेली.

पाण्याची गोष्ट जरा सविस्तर सांगायला हवी, कारण ही चूक मी जवळजवळ प्रत्येक बदललेल्या गाडीत पाहतो. फियाटचा चेहरा बदलायचा नाही म्हणून मी तिचाच रेडिएटर ठेवला. नव्या इंजिनाचा पुढचा पंखा मध्ये मावेना, तो काढून रेडिएटरच्या पुढं विजेचा पंखा लावला. लक्षात आलं नाही ते हे, की नव्या इंजिनातून पाणी बाहेर पडण्याची जागा रेडिएटरच्या झाकणापेक्षा वर आली होती. हवा वर जाते. झाकणातून कितीही पाणी ओतलं तरी हेडच्या सर्वांत उंच कोपऱ्यात हवेचा एक खिसा उरत होता, आणि तो बाहेर पडायला रस्ताच नव्हता.

गावातल्या गावात काही कळलं नाही. रत्नागिरीहून परत येताना साखरप्याच्या पुढं आंबा घाट लागला. पाचेक वळणांनंतर तापमानाचा काटा चढू लागला. मी पंख्याचं बटण पाहिलं, हीटर उघडला, वेग कमी केला. काटा लाल पट्टीच्या जवळ गेला आणि मग झपकन खाली आला, अगदी मध्यावर. मला हायसं वाटलं. वाटलं, पंख्यानं आपलं काम केलं. आणि मी तसाच चढत राहिलो.

सेन्सर पाण्यात बुडालेला असेल तरच पाण्याचं तापमान सांगतो. पाणी उकळून निघून गेलं, सेन्सर कोरडा पडला, म्हणून काटा खाली आला होता. उकळतं इंजिन मला थंड झालेलं दिसत होतं. घाटमाथ्याच्या अलीकडं ताकद गेली, सायलेन्सरमधून पांढरी वाफ आली आणि गाडी थांबली. हेड गॅस्केट जळालं होतं, अॅल्युमिनियमचं हेड वाकलं होतं.  अॅल्युमिनियम असा अत्याचार सोसत नाही. पुढं मी इंजिनाच्या सर्वांत उंच जागेहूनही उंच एक टाकी बसवली, झाकण तिलाच ठेवलं, पंख्याला रिले घातला, रेडिएटरचा कोअर बदलून घेतला. काटा अचानक खाली आला तर गाडी ताबडतोब बाजूला घ्या, हे मी तेव्हापासून भेटेल त्याला सांगतो.

पेट्रोलच्या नळीबद्दल लिहायला मला अजून संकोच वाटतो. कार्ब्युरेटरच्या गाडीत पेट्रोलला दाब नसल्यासारखाच असतो. एमपीएफआयमध्ये तो सुमारे तीन बार. मी कार्ब्युरेटरची साधी रबरी नळी आणि साधे क्लॅम्प वापरले, कारण घरात ते पडून होते. गॅरेजचं शटर उघडलं की सकाळी पेट्रोलचा वास यायचा. जुन्या गाडीला वास येतोच असं मी म्हणायचो. बायकोनं आग्रह धरला म्हणून टॉर्च घेऊन पाहिलं, तर सायलेन्सरच्या गरम मॅनिफोल्डच्या वर वीतभर अंतरावर नळी ओली होती. त्या अवस्थेत मी मुलांना शाळेत सोडून आलो होतो.

आणि ब्रेक. चारही चाकांना ड्रम, मदतीला बूस्टर नाही. मूळ इंजिनाच्या वेगाला ते पुरेसे होते, कारण ते इंजिन गाडीला फारसा वेग घेऊच देत नसे. मी वेग वाढवला आणि थांबवण्याची सोय १९७१ चीच ठेवली. गगनबावड्याहून करूळ घाट उतरताना, वैभववाडीकडं जाताना, एकामागून एक वळणांवर पेडल खोल जाऊ लागलं. ड्रम तापले की लायनिंगची पकड जाते, आणि ड्रम गरम होऊन फुगतो तसं ब्रेकच्या शूजना अधिक सरकावं लागतं. एका वळणावर पेडल जवळजवळ तळाला टेकलं. मी दुसऱ्या गिअरमध्ये घातली, हँडब्रेक ओढला आणि गाडी डोंगराच्या बाजूच्या गटारीत घातली. घरचे सगळे आत होते. कोणाला काही झालं नाही. मिस्त्रींचा प्रश्न मी त्या गटारीच्या कडेला बसून पहिल्यांदा नीट ऐकला. महिन्याभरात पुढं डिस्क बसवल्या, बूस्टर बसवला. ही कामं इंजिनाच्या आधी करायची होती; किंबहुना ती झाल्याशिवाय इंजिनाला हात लावायचा नव्हता.

आता कागदांबद्दल. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील कंपनीनं दिलेल्या मूळ तपशिलाहून वेगळा होईल असा बदल गाडीत करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये हे आणखी स्पष्ट केलं. मी २०१३ मध्ये कोणालाही विचारलं नाही. आमच्या आरसीवर जुन्या इंजिनाचा नंबर होता, विम्याच्या पॉलिसीवरही तोच. कधी माझ्या हातून रस्त्यावर कोणाला इजा झाली असती तर विमा कंपनी इंजिन पाहून दाव्यावरून भांडली असती, आणि त्यात भरडला तो माणूस गेला असता. बाकीच्या चुका मी अज्ञानानं केल्या. ही मी जाणूनबुजून केली, कारण विचारलं तर नाही म्हणतील हे मला माहीत होतं.

आणि ते जुनं इंजिन. गॅरेजमध्ये जागा अडते म्हणून मी ते वजनावर भंगारात घातलं. स्टीअरिंगखालच्या गिअरच्या हँडलची जोडणीही त्याच टेम्पोतून गेली. आप्पांनी अडवलं नाही. ब्लॉकवरचा नंबर लिहून ठेवलास का, एवढं विचारलं. तो आरसीवर आहेच, असं मी म्हटलं. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारनं विंटेज गाड्यांचा नियम आणला: पन्नास वर्षं पूर्ण झालेली गाडी, मूळ रूपात राखलेली, चॅसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल न केलेली. तिला वेगळा ‘व्हीए’ नंबर मिळतो. आमची गाडी त्याच वर्षी पन्नासची झाली. आप्पांनी पेपरातली ती बातमी कापून माझ्या टेबलावर ठेवली होती. इंजिन आणि बोगद्याचा कापलेला पत्रा, या दोन गोष्टींमुळं आमची गाडी त्या व्याख्येत बसत नव्हती. लायनर घातले असते तर बसली असती. मला वाईट वाटलं ते नंबरप्लेटसाठी नाही. आप्पांनी चार दशकं ती गाडी जशीच्या तशी सांभाळली होती, आणि हे त्यांना कोणीतरी कागदावर लिहून दिलं असतं तर ते त्यांना हवं होतं.

गेल्या वर्षी मी जिप्सीचं इंजिन उतरवून जुन्या जातीचंच बसवायचं ठरवलं. ते पद्मिनीत, म्हणजे याच फियाटच्या पुढच्या अवतारात, मिळतं. मुंबईतल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची मुदत २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये संपली. पण टॅक्सींची इंजिनं बहुतेक पार झिजलेली किंवा बदललेली असतात, म्हणून मी खाजगी गाडीतलं शोधलं. मोडीत निघालेल्या एका पद्मिनीचं १०८९ सीसीचं इंजिन पावतीसह मिळालं, त्याबरोबर गिअरबॉक्स आणि हँडलची पूर्ण जोडणीही. ब्लॉक सध्या उद्यमनगरात लायनरसाठी आहे. या वेळी आधी आरटीओत अर्ज दिला आहे, इंजिनाचा नंबर आणि पावती जोडून. मंजुरी आल्याशिवाय काही बसवणार नाही. विंटेज म्हणून नोंद होईल अशी आशा मी धरलेली नाही. बोगद्याचा पत्रा पुन्हा मूळ मापाचा घालून घेतो आहे, त्याचा नमुना मिस्त्रींनी दुसऱ्या फियाटवरून कागदावर उतरवून आणला. पुढच्या डिस्क मात्र मी काढणार नाही. अर्जात त्यांचाही उल्लेख केला आहे, आणि त्या काढायला सांगितल्या तर मी कार्यालयात जाऊन त्यांच्यासाठी भांडणार आहे.